सूची, सीमा आणि पुस्तकांचा प्रवास

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा भाषेच्या तत्त्वावर नव्याने आखल्या गेल्या तेव्हा माणसे, जमीन, महसूल, नोकरवर्ग या सर्वांचे हिशेब झाले. पुस्तकांच्या वाटणीचा प्रश्न कोणाला पडला नाही, पडण्याचे कारणही नव्हते. कपाटे जिथे होती तिथेच राहिली, सरली ती सीमा. पुण्याचे नगर वाचन मंदिर आणि बेळगावचे सार्वजनिक वाचनालय ही दोन्ही १८४८ सालची, एकाच मुंबई इलाख्यात जन्मलेली ग्रंथालये; त्या दिवसापासून ती दोन राज्यांत गेली. मराठवाडा हैदराबाद राज्यातून बाहेर पडला, पण हैदराबाद शहरात दोन-तीन पिढ्यांनी जमवलेली मराठी पुस्तके तिथेच राहिली. १९६० मध्ये बडोदे गुजरातेत गेले. तंजावर, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी संग्रह तर महाराष्ट्राच्या नकाशात कधी येणारच नव्हते. भाषावार प्रांतरचनेमुळे मराठीला राज्य मिळाले हे खरेच. परंतु तिच्या ग्रंथसंग्रहाचा एक मोठा हिस्सा त्याच रचनेमुळे परराज्यात पडला, याकडे आपल्या वाङ्मयेतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ग्रंथालये हा विषय राज्यसूचीत, बाराव्या क्रमांकावर आहे. राष्ट्रीय ग्रंथालयासारखी संस्था तेवढी केंद्राकडे. त्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयांचे कायदे राज्याराज्यांनी आपापल्या सवडीने केले: मद्रासने १९४८ मध्ये, हैदराबादने १९५५ मध्ये, म्हैसूरने १९६५ मध्ये, महाराष्ट्राने १९६७ मध्ये, गोव्याने १९९३ मध्ये आणि बडोद्याचा वारसा सांगणाऱ्या गुजरातने थेट २००१ मध्ये. या कायद्यांची घडणही वेगवेगळी आहे. मद्रास आणि म्हैसूर यांनी ग्रंथालय-कर बसवून शासकीय जाळे उभारले, तर महाराष्ट्राने लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. दोन्ही मार्गांचे गुणदोष आहेत आणि त्यांवर ग्रंथालयशास्त्रात भरपूर चर्चा झालेली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढेच महत्त्वाचे, की प्रत्येक कायद्याची हद्द राज्याच्या हद्दीशी संपते. बेळगावचे पुस्तक कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला मिळवून देणे हे कोणत्याही संचालकाचे, कोणत्याही ग्रंथपालाचे विहित कर्तव्य नाही. कोणी ते केले तर तो त्याचा सौजन्याचा भाग.

ही अडचण १९५६ ने निर्माण केली असे मात्र समजू नये. मराठी पुस्तक जन्मापासूनच अनेक हद्दींत विखुरलेले आहे. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला छापले गेले. सरफोजीराजांच्या छापखान्यातून ‘बाळबोध मुक्तावली’ १८०६ मध्ये तंजावरला निघाली. आज ज्याला आपण महाराष्ट्र म्हणतो त्या भूमीवर मराठी पुस्तके छापली जाऊ लागण्याआधीच मराठी छापील पुस्तक दोन परमुलुखांत जन्मले होते. पुढे १८६७ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सक्तीची झाली आणि इलाखावार त्रैमासिक याद्या निघू लागल्या. अभ्यासकांना या याद्यांचा मोठा आधार वाटतो, आणि तो रास्तही आहे. परंतु हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बडोदे, कोल्हापूर, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांतील छापखान्यांना तो लागू नव्हता. नागपूरकडच्या पुस्तकांची नोंद मध्यप्रांताच्या यादीत. म्हणजे मुंबई इलाख्याच्या याद्या कितीही बारकाईने चाळल्या तरी मराठी ग्रंथनिर्मितीचे चित्र अपुरेच राहणार. ज्या संस्थानिकांनी मराठी ग्रंथकारांना सर्वाधिक आश्रय दिला त्यांच्याच हद्दीत छापलेले पुस्तक सरकारी नोंदीतून निसटावे, हा विरोधाभास लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बडोद्याचे उदाहरण येथे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले आणि त्याने तीन वर्षांत संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था लावून दिली: मध्यवर्ती ग्रंथालय, प्रांतांची व गावांची ग्रंथालये, आणि जिथे ग्रंथालय नाही तिथे जाणाऱ्या फिरत्या पेट्या. या व्यवस्थेचे वर्णन करताना तिची भौगोलिक बाजू सहसा सांगितली जात नाही. बडोदे संस्थान सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटलेले होते, मधे ब्रिटिश मुलूख किंवा इतर संस्थाने. फिरती पेटी त्यामुळे केवळ शहरातून खेड्यात जात नव्हती, एका राज्यकर्त्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरून पुन्हा स्वतःच्या हद्दीत येत होती. त्या काळी हे शक्य झाले, कारण दोन्ही टोकांना एकच खाते होते आणि पेटीत कोणती पुस्तके आहेत याची यादी दोन्हीकडे होती. पुस्तक हद्द ओलांडते ते यादीच्या बळावर, उदारपणा त्यानंतरचा.

मराठीला अशी यादी दिली ती कोणत्याही सरकारने नव्हे. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांची नोंद करते. ती १९४३ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाली. १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा खंड १९६१ मध्ये आला. दात्यांनी गावोगावची ग्रंथालये पालथी घातली, पुस्तके हाताळली, विषयवार वर्गीकरण केले. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ही सूची परिचित असते, पण संदर्भासाठी उघडायचे जाड पुस्तक एवढ्यापुरतीच. तिच्या दोन खंडांमधल्या अठरा वर्षांकडे पाहावे. पहिला खंड निघाला तेव्हा ब्रिटिश राज्य आणि संस्थाने होती. दुसरा निघाला तेव्हा महाराष्ट्र राज्य एक वर्षाचे होते. या अवधीत राज्यांच्या सीमा पुनःपुन्हा बदलल्या, पण सूचीच्या पद्धतीत त्यामुळे काहीही बदलावे लागले नाही, कारण दात्यांचा एकक भाषा हा होता, प्रदेश नव्हे. मराठीत छापलेले पुस्तक कोणाच्या मुलुखात छापले हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण होता. सरकारी याद्यांची जी मूळ उणीव होती ती एका माणसाने अशा रीतीने भरून काढली. आमच्या मते विसाव्या शतकातील मराठी वाङ्मयसेवेत या कामाचे स्थान कोणत्याही समीक्षाग्रंथाहून खाली नाही; समीक्षक ते मान्य करायला थोडे कुरकुरतील, एवढेच.

अमेरिकेत राज्यांच्या सीमा ग्रंथालयांच्या आड आल्या तेव्हा काय घडले, हे तुलनेसाठी पाहता येईल. तिथेही ग्रंथालये मुख्यतः राज्यांची आणि नगरांची आहेत. आंतरग्रंथालयीन देवघेवीची पहिली राष्ट्रीय नियमावली तिथल्या ग्रंथालय संघटनेने १९१७ मध्ये केली. १९६० च्या दशकात अनेक राज्यांनी आपापल्या विधिमंडळात एकाच मसुद्याचा आंतरराज्य ग्रंथालय करार संमत केला, जेणेकरून सीमेवरच्या दोन गावांना एकमेकांच्या ग्रंथालयाशी कायदेशीर व्यवहार करता यावा. ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी १९६७ मध्ये एक केंद्र स्थापन केले. १९७१ मध्ये त्यांची संयुक्त संगणकीय सूची सुरू झाली. ती राज्याबाहेर पसरली आणि १९७९ मध्ये त्याच सूचीवरून पुस्तक मागवण्याची सोय झाली. या शेवटच्या उदाहरणातला क्रम ध्यानात घ्यावा: आधी सूची, आठ वर्षांनी देवघेव. श्रीमंत देशाचे उदाहरण म्हणून ते बाजूला सारणे सोपे आहे. परंतु दात्यांचा पहिला खंड ओहायोच्या केंद्राआधी २४ वर्षे तयार होता. आपल्याकडे उणीव होती ती सूचीवर पुढचे काहीतरी रचणाऱ्या संस्थेची.

ती न रचल्याची किंमत वाङ्मयेतिहासाला कशी मोजावी लागते, याची दोन उदाहरणे पुरेत. मराठी नाटकाचा आरंभ १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांपासून, हे आपण अनेक वर्षे शिकलो आणि शिकवले. तंजावरच्या भोसले राजांनी त्याच्या कितीतरी आधी लिहिलेली मराठी नाटके सरस्वती महालात हस्तलिखितरूपाने होती. ती छापून अभ्यासकांच्या हाती आली विसाव्या शतकात, तोवर आरंभाची कथा पक्की होऊन बसली होती. दुसरे उदाहरण फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे. १६१६, १६४९ आणि १६५४ च्या मूळ छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी रोमन लिपीतली आवृत्ती १९०७ मध्ये काढली ती मंगळुरूला, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात. देवनागरीतली प्रत लंडनच्या मार्सडेन संग्रहात आहे. पुण्यात देवनागरी आवृत्ती निघाली ती शांताराम बंडेलू यांची, १९५६ मध्ये, आणि नेल्सन फाल्काव यांची अलीकडची आवृत्ती २००९ मध्ये बंगळुरूहून. गोव्यात रचलेल्या एका मराठी महाकाव्याचा हा प्रवास. त्याचा पाठ तपासू पाहणाऱ्या नागपूरच्या किंवा नांदेडच्या संशोधकाने किती राज्यांची आणि किती देशांची दारे ठोठवावीत?

तो ठोठावतोही. मराठी प्रबंधांचे ऋणनिर्देश वाचले तर आपली खरी आंतरग्रंथालयीन देवघेव कशी चालते ते कळते: बडोद्याला असलेला मेहुणा, हैदराबादचा जुना विद्यार्थी, बेळगावचे सर ज्यांनी पाने उतरवून पाठवली. ही व्यवस्था प्रेमळ आहे, पण ज्याला मेहुणा नाही त्याने काय करावे?

संस्थात्मक प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९८८ मध्ये दिल्लीत डेलनेट आणि १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे इन्फ्लिबनेट सुरू झाले. दोन्हींनी संयुक्त सूच्या केल्या, डेलनेटच्या सभासद ग्रंथालयांत पुस्तके फिरतातही. परंतु ही मुख्यतः विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची दुनिया. जुनी मराठी पुस्तके ज्यांच्याकडे आहेत ती शंभर-सव्वाशे वर्षांची, वर्गणीवर चालणारी वाचनालये या जाळ्यात सहसा नसतात. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने पाठवायच्या प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथे जमा होतात; त्या जपण्यासाठी आहेत, फिरवण्यासाठी नव्हेत. राष्ट्रीय ग्रंथसूची १९५८ पासून निघते, तिच्या मुख्य खंडांत मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत आहेत. ज्याला मराठी पुस्तक हवे आहे त्याने ते आधी इंग्रजी अक्षरांत ओळखायचे.

आता सर्व काही संगणकावर येणारच आहे, मग पुस्तके पाठवायची कशाला, असे विचारले जाते. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. एकोणिसाव्या शतकातले पुस्तक आज पडद्यावर मोकळेपणाने आणता येते; पण १९५० ते १९९० या काळात छोट्या प्रकाशकांनी काढलेली, पुन्हा न छापलेली हजार-पाचशे प्रतींची पुस्तके बाजारातही नाहीत आणि मोकळेपणाने पडद्यावरही आणता येत नाहीत. साठोत्तरी साहित्यावर काम करणाऱ्याची सगळी अडचण याच चाळीस वर्षांत आहे. स्वामित्वहक्काच्या कायद्यात एक सवलत आहे: देशात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या उपयोगासाठी करता येतात. तिचा लाभ घ्यायचा तरी मूळ प्रत कोणत्या गावी आहे हे आधी माहीत हवे, आणि ती काही दिवसांसाठी हाती यायला हवी. त्यातही पुस्तके स्वस्तात पाठवण्याची टपाल खात्याची नोंदणीकृत बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. दात्यांची सूची १९५० पाशी थांबते. तिच्या पुढच्या वर्षांसाठी बेळगाव, बडोदे, हैदराबाद, इंदूर, पणजी आणि तंजावर येथील कपाटांत कोणते मराठी पुस्तक आहे आणि ते देता येईल का, एवढ्या दोनच रकान्यांची यादी करायला कोणत्याही राज्याच्या कायद्यात दुरुस्ती लागत नाही.