फाइल, प्रक्रिया, क्षेत्र : एका नामकरणाचा इतिहास

साहित्याच्या अभ्यासकाला नामकरणाचे महत्त्व निराळे सांगायला नको. एखाद्या लेखनाला आपण 'बखर' म्हटले की त्याच्याकडून एक अपेक्षा ठेवतो, 'कादंबरी' म्हटले की दुसरी. संहिता तीच असते, पण नाव बदलले की वाचकाची जबाबदारी बदलते. संगणकाच्या अलीकडच्या इतिहासात असाच एक प्रसंग घडला. एका नव्या वस्तूला काय म्हणावे, असा प्रश्न तेथे पडला होता, आणि त्याची तीन वेगवेगळी उत्तरे दिली गेली.

प्रश्न समजण्यासाठी थोडी पूर्वपीठिका हवी. कर्नेल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. प्रोसेसर, स्मृती, डिस्क यांच्यावर अधिकार त्याचा. इतर प्रोग्रॅमांनी त्याच्याकडे फक्त मागणी करायची. या कारभाराच्या मुळाशी एक गृहीतक होते : बदलतात ते प्रोग्रॅम, यंत्र स्थिर असते. उपकरणे जोडता येत, काढता येत. पण जोडलेले उपकरण मध्येच दुसरेच काही होऊन बसत नसे.

या गृहीतकाला पहिला वैचारिक छेद दिला तो जेराल्ड एस्ट्रिन यांनी. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील या संशोधकाने 1960 साली असा संगणक सुचवला, ज्याचा एक भाग स्थिर असेल आणि दुसरा कामानुसार रचना बदलेल. कल्पना काळाच्या पुढे होती. तिला बाजारात विकत घेता येईल असे रूप मिळायला 1985 साल उजाडले. रॉस फ्रीमन ज्या झायलिंक्स कंपनीचे एक संस्थापक होते, तिने त्या वर्षी 'एक्ससी 2064' ही चिप आणली. तिच्यात 64 तर्कघटक होते. अशा चिपला एफपीजीए म्हणतात : कारखान्यातून बाहेर पडल्यावर, वापराच्या जागी जिची रचना ठरवता येते अशी चिप.

तिचे मर्म साधे आहे. चार संकेत घेणाऱ्या तर्कघटकात 16 घरांचा एक तक्ता असतो. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. ही घरे 65,536 प्रकारांनी भरता येतात, आणि प्रत्येक प्रकार म्हणजे एक निराळे तर्कविधान. असे असंख्य तक्ते आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा यांचे मूल्य सांगणारी अंकमाला म्हणजे 'बिटस्ट्रीम'. ती चिपमध्ये ओतली की चिप ते यंत्र होते. या जातीच्या बहुतेक चिपांत ही मूल्ये वीज असेतोवरच टिकतात. वीज गेली की पाटी कोरी. सुरुवातीच्या काळात शेजारची एखादी स्मृतिचिप यंत्र सुरू होताना पाटी भरून देई. कर्नेलला याची वार्ताही नसे.

हे अज्ञान फार काळ परवडणारे नव्हते. 2011 साली झायलिंक्सने 'झिंक' मालिका जाहीर केली. तिच्यात प्रोसेसर आणि एफपीजीए एकाच चिपवर नांदत होते. प्रोसेसरवर लिनक्स चालू असतानाच शेजारचे यंत्र पुन्हा लिहिता येऊ लागले. येथे पहिले नाव आले : फाइल. उपकरण हे फाइलसारखे दिसावे, ही युनिक्सची जुनी परंपरा. कंपनीने स्वतःच्या लिनक्स आवृत्तीत एक विशेष उपकरण-फाइल ठेवली. तिच्यात बिटस्ट्रीम लिहिली की झाले. सोय मोठी होती, पण फाइलवर लिहिणे ही निरागस क्रिया आहे. त्या क्षणी त्या यंत्राशी कोण बोलत आहे, हे तिला ठाऊक नसते. प्रोसेसरने विचारणा करावी आणि उत्तर देणारे यंत्रच मधल्यामध्ये पुसले जावे, असे घडले तर अख्खी व्यवस्था ताटकळत थिजून जाऊ शकते.

दुसरे नाव वयाने याहून थोडे आधीचे आणि कल्पनेने अधिक धाडसी होते. बर्कली येथे हेडन सो आणि रॉबर्ट ब्रॉडरसन यांनी त्या शतकाच्या पहिल्या दशकात लिनक्सवर आधारित 'बॉर्फ' ही प्रणाली रचली. तिने एफपीजीएतील रचनेला 'प्रक्रिया' म्हटले. म्हणजे ती रचना उपकरण न राहता, चालू असलेल्या प्रोग्रॅमाच्या बरोबरीची ठरली. तिची फाइल नेहमीच्या प्रोग्रॅमासारखी चालवायची. तिला ओळखक्रमांक मिळे, आणि तिच्या आतील नोंदी फाइलींसारख्या वाचता येत. ही कल्पना 'रोच' नावाच्या सर्किट बोर्डांबरोबर रेडिओ खगोलशास्त्रात गेली. नारायणगावजवळच्या खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 ॲंटेनांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या अद्ययावत रूपातही आकाशातून आलेले संकेत अंकरूपात आणून पुढे पाठवण्यासाठी याच जातीचे बोर्ड वापरले गेले. तरीही बॉर्फला लिनक्सच्या मुख्य प्रवाहात जागा मिळाली नाही.

मुख्य प्रवाहाने निवडलेला मार्ग कमी काव्यमय होता. ॲलन टल यांच्या पुढाकाराने घडलेली 'एफपीजीए मॅनेजर' ही व्यवस्था जानेवारी 2016 मध्ये आलेल्या लिनक्स 4.4 मध्ये समाविष्ट झाली. लिहिण्याची तयारी, प्रत्यक्ष लेखन आणि समाप्ती अशा तीन पायऱ्या तिने सर्व कंपन्यांच्या चिपांसाठी समान केल्या. 2017 च्या लिनक्स 4.10 मध्ये तिच्या जोडीला दोन संज्ञा आल्या : 'पूल' आणि 'क्षेत्र'. क्षेत्र म्हणजे चिपचा पुन्हा लिहिता येणारा भाग. संपूर्ण चिप किंवा तिचा एक तुकडा. लेखनापूर्वी पूल बंद करायचे, म्हणजे अर्धवट रचनेतले भरकटलेले संकेत बाहेर पडणार नाहीत. मग बिटस्ट्रीम भरायची. मग पूल उघडायचे. आणि शेवटी, या जागी आता कोणती उपकरणे वसली आहेत, हे 'डिव्हाइस ट्री' या वर्णनपत्रकात पुरवणी जोडून कर्नेलला सांगायचे, म्हणजे त्यांचे चालक प्रोग्रॅम कामाला लागतात.

या तिसऱ्या नावात एक समज दडलेली आहे. 'फाइल' या शब्दाने लेखन सोपे केले, 'प्रक्रिया' या शब्दाने लिहिलेल्याला प्रतिष्ठा दिली. 'क्षेत्र' या शब्दाने मात्र ज्यावर लिहायचे त्या जागेचा आणि तिच्या शेजाऱ्यांचा विचार केला. स्थिर यंत्राचे गृहीतक सोडताना कर्नेलने सीमेची जबाबदारी पत्करली.

मात्र या जबाबदारीला एक मर्यादा आहे, आणि ती अस्वस्थ करणारी आहे. कर्नेल बिटस्ट्रीम पोहोचवतो, पण वाचत नाही. कोणता अंक कोणती वाट जोडतो, हे बहुतेक कंपन्या उघड करत नाहीत. सकळ लिपीची किल्ली हाती नसताना महानुभाव पोथ्या निष्ठेने जपणाऱ्या संग्राहकासारखी त्याची स्थिती आहे. फरक एवढाच, की येथे न वाचलेली पोथी कपाटात राहत नाही. ती यंत्र होऊन कामाला लागते. 2015 साली 'आइसस्टॉर्म' प्रकल्पाने लॅटिस कंपनीच्या एका चिपमालिकेची ही लिपी बाहेरून अभ्यास करून उलगडली. 2020 साली जर्मन संशोधकांनी 'स्टारब्लीड' हा दोष दाखवून दिला : झायलिंक्सच्या सातव्या मालिकेतील चिपांच्या कूटबद्ध बिटस्ट्रीमचा मजकूर खुद्द चिपकडूनच वदवून घेता येत होता. दोष चिपच्या घडणीतच असल्यामुळे विकलेल्या चिपांत तो दुरुस्त करणे शक्य नव्हते. जे हार्डवेअर पुन्हा लिहिता येते म्हणून वाखाणले गेले, त्याच्यातही पुन्हा न लिहिता येणारा एक भाग होता, आणि चूक नेमकी तेथे होती.

पूल कधी पाडायचा आणि कधी उचलायचा, हे कर्नेल आज नेमके जाणतो. पुलावरून काय गेले, याची साक्ष तो देऊ शकत नाही. संहितेचा क्रम सांभाळणे आणि संहितेचा अर्थ जाणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना नवे नाही. आपल्या खिशातली आणि कारखान्यातली यंत्रे पुनर्लेखनक्षम होत जात असताना, त्यांची लिपी कोणाला वाचता यावी हा प्रश्न केवळ अभियंत्यांवर सोपवून चालणार नाही.