ज्येष्ठमध आणि अधिवृक्क ग्रंथी

चिनी वैद्यकातील असंख्य काढ्यांत आढळणारे ‘गानत्साओ’, म्हणजे शब्दशः ‘गोड गवत’, हे आपल्या ज्येष्ठमधाचेच भावंड होय. चिनी जाती ग्लिसिरायझा युरॅलेन्सिस, तर आयुर्वेदातील यष्टिमधू ग्लिसिरायझा ग्लॅब्रा; ग्लिसिरायझिन हे गोड द्रव्य दोहोंत आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींना हे मूळ बळ देते, असे सांगून त्याच्या गोळ्या विकल्या जातात.

या दाव्यामागे थोडे तथ्य आहे, पण ते भलतीकडेच. 1946 मध्ये रेव्हर्स या डच वैद्याला, जठरव्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क दिलेल्या काही रुग्णांच्या अंगावर सूज आलेली आढळली. पुढे हा अर्क अ‍ॅडिसन रोगात, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्यांना, देऊन पाहण्यात आला. ज्यांच्या ग्रंथींत थोडाफार जीव उरला होता त्यांनाच गुण आला. इतरांना कॉर्टिसोन जोडीला दिल्यावाचून उपयोग झाला नाही.

कारण 1980च्या दशकात स्पष्ट झाले. मूत्रपिंडातील एक विकर कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोन बनवते. ज्येष्ठमधापासून शरीरात तयार होणारे ग्लिसिरेटिनिक आम्ल त्या विकराला अडवते. मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते : शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम निघून जाते, रक्तदाब चढतो. ग्रंथी स्वतः काही अधिक स्रवत नाहीत. उलट त्यांचे अल्डोस्टेरॉन घटते. याला ‘बळ’ म्हणणे धाडसाचेच.

ज्या ‘अधिवृक्क थकव्या’वर हा उपाय सुचवला जातो, त्याचेही अस्तित्व सिद्ध नाही. 2016 मध्ये 58 अभ्यासांची छाननी झाली. अशा विकाराला आधार सापडला नाही.

धोका मात्र खरा आहे. पोटॅशियम फार उतरल्यास हृदयाची लय बिघडते. अमेरिकेत रोज ज्येष्ठमधाच्या गोळ्या-मिठाया खाणाऱ्या एका 54 वर्षांच्या गृहस्थाच्या मृत्यूची नोंद 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपीय तज्ज्ञ समितीने ग्लिसिरायझिनची मर्यादा दिवसाला 100 मिलिग्रॅम सुचवली आहे. घसा बसल्यावर एखादी कांडी चघळणे वेगळे, महिनोन्‌महिने अर्क घेणे वेगळे. रक्तदाब, मूत्रपिंडविकार वा गर्भारपण असल्यास, तसेच लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन चालू असल्यास तो टाळावा. ग्लिसिरायझिन काढून टाकलेला अर्कही मिळतो. तो या बाबतीत निर्धोक, पण मग ग्रंथींशी त्याचा संबंधच उरत नाही.

वजन घटणे, त्वचा काळवंडणे, खारट खाण्याची ओढ ही लक्षणे दिसल्यास सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी करावी. अल्डोस्टेरॉन व रेनिन मोजायचे असल्यास निदान चार आठवडे आधी ज्येष्ठमध बंद ठेवावे लागते, आणि ते घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे लागते.