फुली मारणाऱ्यांचं वाचन

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या कष्टकरी घरांतली मुलं काय वाचत होती, असा विषय घेतलात तर आधी हाताशी येतात लग्नाच्या नोंदवह्या. १७५४ पासून त्यात नवरा-नवरीची सही लागायची. ज्याला लिहिता येत नाही त्याने फुली मारायची. १८४० च्या आसपास साधारण एक तृतीयांश नवरे आणि जवळपास निम्म्या नवऱ्या फुलीवाल्या होत्या. झालं, तक्ता तयार! पण जरा थांबा.

सही म्हणजे लिहिणं. तेव्हा मुलांना आधी वाचायला शिकवत, लिहायला नंतर. तेही पोर तोवर कामाला लागलं नसेल तर. आठवडाभर राबणाऱ्या मुलांची शाळा रविवारची. आणि पवित्र वारी लेखन हे ऐहिक काम नको, म्हणून कित्येक रविवार-शाळा फक्त वाचनच शिकवायच्या. म्हणजे फुली मारणारी मुलगी बायबल घडाघडा वाचत असेलही. तुमच्या तक्त्यात मात्र ती निरक्षर.

मग आत्मचरित्रांकडे वळावं लागतं. सॅम्युएल बॅमफर्ड (जन्म १७८८) मँचेस्टरमधल्या एका छापखान्याच्या खिडकीत मांडलेली, भयानक चित्रांची गाण्या-गोष्टींची चोपडी बघत राहायचा आणि जमेल तशी विकत घ्यायचा. शेतमजुराचा मुलगा जॉन क्लेअर याच्या आईला अक्षरओळख नव्हती. बापाला जेमतेम वाचता यायचं, पण पेनीला मिळणाऱ्या अद्भुत गोष्टींचा त्याला भारी नाद. क्लेअरने तेराएक वर्षांचा असताना थॉमसनचं ‘सीझन्स’ हे काव्य दीड शिलिंगाला घेतलं. परतताना, कामाच्या दिवशी आपल्याला कुणी वाचताना बघू नये म्हणून तो बर्ली पार्कची भिंत चढून आत गेला आणि तिथे वाचत बसला. ही भिंत मला कुठल्याही टक्केवारीपेक्षा जास्त सांगते. पुस्तक परवडणं वेगळं, आणि मजुराच्या पोराने चारचौघांत वाचताना दिसणं वेगळं.

तरी आत्मचरित्रांवरही भाळू नका. डेव्हिड व्हिन्सेंट यांनी १९८१ च्या पुस्तकासाठी अशी १४२ आत्मचरित्रं अभ्यासली. त्यात बायकांची फक्त ६. शिवाय लिहिणारे पुष्कळसे पुढे कवी नाहीतर चळवळे झालेले. बॅमफर्डचं बालपणावरचं पुस्तक १८४९ चं, म्हणजे साठी उलटल्यावरचं. त्या वयात माणूस लहानपणची पुस्तकं जिन्याच्या पायऱ्यांसारखी रचतो. वाचून पुन्हा मागावर बसलेल्यांची, वाचन विसरूनही गेलेल्यांची पुस्तकं कोण लिहिणार?

म्हणून नोंदवही आणि आत्मचरित्र शेजारी-शेजारी ठेवा, आणि फुली मारून गेलेली ती नवरी दोन्हींत कुठे सापडत नाही ते आधी बघा.