एका मतदाराला सात मतं

शाळेच्या बोर्डाची निवडणूक हा तसा जांभई आणणारा विषय. लोकसभा म्हटलं की एक्झिट पोल आले, चर्चा आल्या, रात्रभर टीव्ही आला. शाळेच्या कमिटीवर कोण निवडून आलं हे कोण बघतंय? पण मंडळी, निवडणुकीच्या इतिहासातला एक भन्नाट प्रयोग नेमका याच कंटाळवाण्या खात्यात झाला. साल १८७०, देश इंग्लंड.

आधी थोडी पार्श्वभूमी. तोपर्यंत इंग्लंडमध्ये गरिबांच्या शाळा मुख्यतः चर्च आणि धर्मादाय संस्था चालवायच्या. जिथे शाळा नाही तिथल्या पोरांनी काय करायचं? गिरणीत जायचं, नाहीतर रस्त्यावर. १८७० मध्ये विल्यम फॉर्स्टर या मंत्र्याने प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणला. जिथे शाळा कमी पडतात तिथे लोकांनी निवडलेलं 'स्कूल बोर्ड' बसवायचं. या बोर्डाने स्थानिक घरपट्टीतून पैसे घ्यायचे, शाळा बांधायच्या, चालवायच्या. थोडक्यात, ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याने माणसं निवडायची.

इथवर सरळ आहे. गुंता होता धर्माचा. सरकारी पैशाच्या शाळेत बायबल कोणी आणि कसं शिकवायचं? अँग्लिकन, त्यांच्यापासून फुटलेले नॉनकन्फॉर्मिस्ट आणि कॅथलिक यांचं आपसांत जमत नव्हतं. साध्या बहुमताने निवडणूक घेतली तर ज्या गावात जो पंथ मोठा, तोच सगळ्या जागा घेऊन जाणार. म्हणजे कर सगळ्यांचा आणि शाळा एकाची.

यावर लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश यांनी एक दुरुस्ती सुचवली आणि ती मंजूर झाली. एका मतदाराला जितक्या जागा तितकी मतं. सात जागा असतील तर सात मतं. आणि ती कशीही वाटा! सात जणांना एकेक द्या, दोघांत चार-तीन करा, नाहीतर सातच्या सात एकालाच देऊन टाका.

याचा परिणाम काय होतो ते छोट्या गणिताने बघू. समजा १०० मतदार आणि ५ जागा. 'अ' गटाकडे ६० माणसं, म्हणजे ३०० मतं. 'ब' गटाकडे ४० माणसं, म्हणजे २०० मतं. 'अ'ला वाटलं आपण मोठे, पाचही जागा लढवू. प्रत्येक उमेदवाराला पडली ६० मतं. 'ब'ने शहाणपणा केला, तीनच उमेदवार उभे केले. प्रत्येकाला ६६-६७ मतं. निकाल? 'ब'चे तिघे आत, 'अ'चे फक्त दोघे. चाळीस माणसांनी साठांना हरवलं! 'अ'ने तीनच उभे केले असते तर प्रत्येकी १०० मतं मिळून तिघेही आले असते. म्हणजे आपलं बळ किती हे प्रामाणिकपणे ओळखणाऱ्यालाच ही पद्धत फळते. हावरटपणा केला की दंड ठरलेला.

हे नुसतं कागदावर नाही. १८७० च्या पहिल्याच निवडणुकीत बर्मिंगहॅममध्ये अगदी असंच झालं. १५ जागा होत्या. शहरात लिबरल पक्षाचा जोर, म्हणून त्यांनी १५ उमेदवार दिले. चर्चच्या गटाने दिले ८. चर्चचे आठही निवडून आले, लिबरल फक्त ६. उरलेली एक जागा कॅथलिक धर्मगुरूला, आणि तीही सर्वाधिक मतांनी! त्याला पडलेली मतं ३५ हजारांच्या घरात, पण ती देणारी माणसं होती सुमारे तीन हजार. त्यांनी आपली बहुतेक मतं त्याच्यावरच ओतली होती. बोर्डावर अल्पमतात राहिलेल्या लिबरलांमध्ये जोसेफ चेंबरलेनसारखे बडे लोक होते. १८७३ मध्ये ते शिकून आले. फक्त ८ उमेदवार, कोणत्या भागाने मत कोणाला द्यायचं याची आखणी, आणि बोर्डावर बहुमत. ब्रिटनमधली शिस्तबद्ध पक्षयंत्रणा घडली त्यात या निवडणुकांचा हात होता.

आता लंडन. तिथे १० विभाग, ४९ सदस्य. २९ नोव्हेंबर १८७० ला मतदान झालं आणि बहुतेक भागांत ते गुप्त पद्धतीने झालं. पार्लमेंटच्या निवडणुकीत गुप्त मतदान १८७२ च्या कायद्याने आलं, म्हणजे शाळांचं बोर्ड संसदेच्या पुढे होतं. उमेदवाराला मालमत्तेची अट नव्हती, त्यामुळे बेंजामिन लुक्राफ्ट हा सुतारकाम करणारा कामगार फिन्सबरीतून निवडून आला. आणि मुख्य म्हणजे बायकांना उभं राहता येत होतं. स्वतःच्या नावावर कर भरणाऱ्या (म्हणजे बहुतेक अविवाहित किंवा विधवा) बायकांना मतही देता येत होतं. पार्लमेंटच्या मतासाठी त्यांना १९१८ ची वाट बघावी लागली!

मेरिलबोनमध्ये ७ जागा होत्या. तिथे एलिझाबेथ गॅरेट ही डॉक्टर उभी राहिली. तिला मिळाली ४७,८५८ मतं, लंडनमध्ये सर्वांत जास्त. तिच्यामागे दुसरा कोण? डार्विनचा खंदा समर्थक, शास्त्रज्ञ थॉमस हक्सले, १३,४९४ मतांवर. सातने भागून पाहिलं तर तिच्यामागे निदान ६,८३७ मतदार होते, जास्तही असतील. ग्रीनिचमधून एमिली डेव्हिस आणि मँचेस्टरमध्ये लिडिया बेकर याही त्याच वर्षी निवडून आल्या.

आपला संबंध? या लंडन बोर्डाचे पहिले अध्यक्ष होते लॉर्ड लॉरेन्स, जे १८६९ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. गॅरेटबाई पुढे लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन झाल्या, आणि मुंबईच्या रखमाबाई तिथेच शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. १८८८ मध्ये टॉवर हॅम्लेट्स या कामगार वस्तीतून पहिल्या क्रमांकाने निवडून आल्या त्या अ‍ॅनी बेझंट. होय, त्याच! नास्तिक म्हणून बदनाम, पोटच्या मुलीचा ताबा कोर्टाने काढून घेतलेला, अशा बाईला गरीब वस्तीने शाळांचा कारभार दिला. बोर्डावर त्यांनी उपाशी मुलांच्या जेवणाचा आणि कंत्राटदारांनी रास्त मजुरी देण्याचा प्रश्न लावून धरला. पुढे १८९३ मध्ये त्या भारतात आल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या.

पद्धत निर्दोष नव्हती. गॅरेटबाईंची कितीतरी जादा मतं वाया गेली. ती दुसऱ्या कोणा बाईला मिळाली असती तर? शिवाय कोण किती मतं घेणार याचा अंदाज चुकला की सगळंच चुकायचं.

पण बोर्डं गेली ती या दोषांमुळे नाही. १९०२ च्या कायद्याने अडीच हजारांहून जास्त बोर्डं बंद करून शिक्षण काउंटी आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडे दिलं. लंडनचं बोर्ड १९०४ मध्ये गेलं. कारण काय तर सुटसुटीत कारभार. (आपल्या भाषेत, अनेक छोटी सिस्टिम्स मर्ज करून एक मोठी करणं.) सुटसुटीत झालंही, चर्चच्या शाळांनाही कराचे पैसे मिळू लागले. पण या कौन्सिलांवर बायकांना निवडून जाता येत नव्हतं! तीस-बत्तीस वर्षं मतं मागून जिंकणाऱ्या बायका आता शिक्षण समितीवर फक्त नेमल्या जाऊ शकत होत्या, तेही पुरुषांनी बोलावलं तर. कौन्सिलवर निवडून यायचा हक्क मिळाला १९०७ मध्ये. बायकांना बाहेर काढा असा ठराव कोणी केला नव्हता. फक्त निवडणुकीची जागा बदलली आणि त्या बाहेर पडल्या.

मला वाटतं धडा इथेच आहे. मतदार तेच, शहर तेच, फक्त मोजायचा नियम बदलला की टेबलाभोवतीची माणसं बदलतात. आणि हे नियम बदलतात तेव्हा भाषा नेहमी सोयीची असते, कोणाला वगळण्याची नसते.

तीच पद्धत आपल्याकडच्या कायद्यात अजून जिवंत आहे, बरं का. कंपनी कायदा २०१३ चं कलम १६३ पाहा. कंपनीने आपल्या नियमावलीत तशी तरतूद केली तर निदान दोन तृतीयांश संचालक याच प्रकारे, सगळी मतं एकावर टाकायची मुभा देऊन, निवडता येतात. छोट्या भागधारकाचाही एखादा माणूस आत जावा म्हणून. तेव्हा पुढच्या वेळी सोसायटीत किंवा ऑफिसात कोणी म्हणालं की "दोन कमिट्या कशाला, एकच करू", तर जरूर करा. फक्त आधी विचारा, की जुन्या कमिटीत कोण निवडून येत होतं, आणि नवीनमध्ये ते येऊ शकेल का?