जॉनी कॅरी : कर्णधार आणि कारभारी

डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेट या फुटबॉल संघातून अवघ्या २५० पौंडांच्या मोबदल्यात १९३६ साली मँचेस्टर युनायटेडच्या चाकरीत रुजू झालेल्या सतरा वर्षांच्या जॉनी कॅरीने खेळाडू म्हणून जे वैभव मिळवले, ते व्यवस्थापक म्हणून त्याला लाभले नाही, असा जो निवाडा रूढ झाला आहे, तो मला अन्यायाचा वाटतो.

महायुद्धात ब्रिटिश लष्करात सेवा करून तो परतला, तेव्हा ओल्ड ट्रॅफर्डचे मैदान जर्मन बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झाले होते आणि युनायटेडचे सामने मँचेस्टर सिटीच्या मेन रोड मैदानावर होत होते. अशा पडत्या काळी, खेळाडूंची निवड सर्वस्वी आपल्या मुखत्यारीत राहील, या अटीवर संघाची सूत्रे स्वीकारणाऱ्या मॅट बझ्बी यांनी आघाडीत खेळणाऱ्या कॅरीला बचावफळीत आणले आणि कर्णधारपद त्याच्याकडे सोपवले. १९४८ च्या एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूल २-१ असे पुढे असता, शेवटच्या वीसएक मिनिटांत तीन गोल करून त्याच्या संघाने चषक जिंकला. १९५२ साली, तब्बल ४१ वर्षांनी, लीगचे अजिंक्यपदही आले. देशाची फाळणी झालेली असल्यामुळे आयर्लंडचे दोन संघ होते. १९४६ च्या २८ सप्टेंबरला बेलफास्टमध्ये एकाच्या आणि ३० सप्टेंबरला डब्लिनमध्ये दुसऱ्याच्या वतीने तो इंग्लंडविरुद्ध उभा राहिला.

१९५३ मध्ये खेळातून निवृत्त होऊन त्याने ब्लॅकबर्न रोव्हर्सचा कारभार हाती घेतला आणि १९५८ मध्ये त्या संघाला पहिल्या श्रेणीत नेले. १९५५ पासून आयर्लंड प्रजासत्ताकाच्या संघाची जबाबदारीही त्याच्याकडे होती. परंतु तेथे खेळाडू निवडण्याचा हक्क समितीने आपल्याच हाती राखला होता. ब्लॅकबर्ननंतर हाती घेतलेल्या एव्हर्टनला त्याने १९६१ मध्ये पाचव्या स्थानावर आणले असतानाच, तेथील धनिक अध्यक्ष जॉन मूर्स यांनी लंडनमध्ये टॅक्सीतून जाताना त्याला बडतर्फीचा हुकूम ऐकवला. इतका मानी पुरुष, परंतु खचला नाही. लेटन ओरिएंट या लहानशा संघाकडे जाऊन त्याने पहिल्याच हंगामात त्याला पहिल्या श्रेणीत चढवले. त्या श्रेणीतील तो एकच हंगाम आजतागायत ओरिएंटच्या नशिबी आला. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९६७ साली त्याच्या हाताखाली लीगमध्ये दुसरे आले. पहिला आला तो बझ्बींचा युनायटेड.

गुरूला दोन दशकांहून अधिक काळ अखंड मुखत्यारी लाभली. शिष्याला मात्र कोठे समितीच्या, तर कोठे धनिकाच्या मर्जीवर कारभार करावा लागला. चषकांची मोजदाद करणाऱ्याने कोणाच्या हाती किती अधिकार होता आणि तो किती मुदतीचा होता, हेही तपासले पाहिजे. तसे केले, तर कॅरीचे व्यवस्थापन त्याच्या कर्णधारपदाहून मुळीच उणे ठरणार नाही.