वाद्याच्या पोटातील सही

चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदातून मेंडोलिन मराठी कानांना परिचित झाले. सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनी तर मुंबईत या वाद्यावर रागसंगीत वाजवले आणि पडद्यांनी बांधलेल्या या परक्या वाद्यातूनही मींड काढता येते, हे दाखवून दिले. वादकांची नावे अशी आपल्या स्मरणात राहतात. ज्याच्या हातांनी लाकडाला कंठ दिला, तो कारागीर मात्र बहुधा अनामच राहतो. त्याचे नाव हवे असेल तर ध्वनिछिद्रातून आत डोकावून तेथे चिकटवलेली चिठ्ठी वाचावी लागते. त्या चिठ्ठीवरील नावाचे मोल काय, हे मेंडोलिनचा इतिहास फार चांगल्या रीतीने सांगतो.

या वाद्याचे माहेर इटलीतील नेपल्स. अठराव्या शतकात तेथील विनाच्चा घराण्याने त्याला आज ओळखले जाणारे रूप दिले. लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेले फुगीर पोट, त्यावर पातळ तबली आणि व्हायोलिनच्याच स्वरांत मिळवलेल्या तारांच्या चार जोड्या, असे ते रूप. एकोणिसाव्या शतकात याच घराण्यातील पास्क्वाले विनाच्चा यांनी पोलादी तारांचा ताण पेलण्याची ताकद त्यात आणली. पुढे राफाएले कालाचे (१८६३–१९३४) हे वाद्य घडवणारे, वाजवणारे आणि त्यासाठी रचना करणारे असे तिहेरी गुणी गृहस्थ तेथे होऊन गेले. अशा लहान कर्मशाळांत कारागीर आणि वादक समोरासमोर येत असत.

देशांतर करणाऱ्यांच्या सामानातून मेंडोलिन अमेरिकेत पोहोचले. तेथे मिशिगन राज्यातील कॅलमझू या गावी ऑर्व्हिल गिब्सन (१८५६–१९१८) नावाचा एक मनुष्य पादत्राणांच्या दुकानात नोकरी करीत असे आणि उरलेल्या वेळात वाद्ये घडवीत असे. लाकूड वाकवले किंवा दाबले की त्याचा नाद मारला जातो, अशी त्याची श्रद्धा होती. म्हणून त्याने पट्ट्यांचे फुगीर पोट सोडून दिले. व्हायोलिनची तबली जशी कोरून काढतात, तशी त्याने मेंडोलिनची तबली आणि पाठ भरीव फळीतून कोरली. कडादेखील न वाकवता अखंड लाकडातून कापल्या. १८९८ साली त्याला या पद्धतीचे पेटंट मिळाले.

मेंडोलिनवादनाची त्या काळी अमेरिकेत मोठी लाट होती. एकट्या माणसाच्या हातून मागणी पुरी होणे शक्य नव्हते. १९०२ साली गावातील पाच व्यावसायिकांनी ऑर्व्हिलच्या नावाने कंपनी काढली. ऑर्व्हिलने आपले पेटंट २,५०० डॉलरला विकले. कंपनीने संगीतशिक्षकांनाच विक्रेते केले आणि हप्त्यांनी वाद्ये घरोघर पोहोचवली. सामान्य माणसाच्या हाती चांगले वाद्य आले, हे या कंपनीचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु ऑर्व्हिल स्वतः लवकरच या उद्योगातून बाजूला झाला आणि आजारपणात १९१८ साली वारला. नाव त्याचे राहिले. हात मात्र दुसऱ्यांचे झाले.

कारखान्यातही सहीचे महत्त्व ओळखणारा एक माणूस पुढे आला. लॉइड लोअर हा स्वतः कुशल मेंडोलिनवादक. १९१९ ते १९२४ या काळात तो गिब्सन कंपनीत होता आणि १९२२ साली त्याच्या देखरेखीखाली ‘एफ-५’ हे मेंडोलिन बाजारात आले. वरची तबली स्प्रूसची, पाठ व कडा मेपलच्या आणि गोल छिद्राऐवजी व्हायोलिनसारखी दोन लांबट छिद्रे, अशी त्याची घडण होती. तबलीच्या आत लाकडाच्या दोन पट्ट्या चिकटवलेल्या असत आणि त्या तासून नाद जुळवला जाई. प्रत्येक वाद्य तपासल्यावर लोअर आतल्या चिठ्ठीवर तारीख घालून सही करीत असे. दैव असे, की तोवर लोकांची आवड बँजोकडे वळली होती. ‘एफ-५’ फारसे खपले नाही आणि लोअरने कंपनी सोडली. त्याच्या सहीचे मेंडोलिन पुढे लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. ते पाहायला तो उरला नव्हता. १९४३ साली त्याचे निधन झाले.

अशांपैकी एका वाद्यावर ९ जुलै १९२३ ही तारीख होती. १९४०च्या दशकात फ्लोरिडातील एका न्हाव्याच्या दुकानात ते विक्रीला ठेवलेले होते. केंटकीच्या बिल मन्रो (१९११–१९९६) या वादकाने ते विकत घेतले आणि पुढे ब्लूग्रास म्हणून प्रसिद्ध झालेले संगीत प्रामुख्याने त्याच्यावरच वाजवले. एकदा दुरुस्तीसाठी त्याने ते कंपनीकडे पाठवले. झालेले काम मनास न आल्यामुळे त्याने माथ्यावरचे ‘गिब्सन’ हे नाव चाकूने खरवडून काढले आणि कित्येक वर्षे तो तसेच वाजवीत राहिला. १९८० साली समेट झाला आणि नाव पुन्हा बसवण्यात आले. त्यानंतर १९८५ साली कोणी अज्ञात इसमाने मन्रोच्या घरात शिरून लोखंडी सळईने ते वाद्य फोडले. शंभराहून अधिक तुकडे झाले. चार्ली डेरिंग्टन या कारागिराने एकेक कपची जुळवून ते पुन्हा उभे केले आणि मन्रोने ते पुन्हा वाजवले. कारखान्याच्या नावावरील रुसवा आणि एका कारागिराच्या हातांवरील विश्वास, या दोन्हींचा साक्षीदार असलेले हे वाद्य पुढे नॅशव्हिलच्या कन्ट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये गेले.

१९७०च्या दशकापासून एकट्याने मेंडोलिन घडवणारे कारागीर पुन्हा पुढे आले. न्यूयॉर्ककडचे जॉन मॉन्टेलिओन आणि ऑस्ट्रेलियातील स्टीफन गिलख्रिस्ट ही त्यांतील नामांकित नावे. लोअरची जुनी वाद्ये अभ्यासून त्यांनी आपापली वाट काढली. असा कारागीर फळी हाती घेतो, बोटाच्या टिचकीने तिचा नाद ऐकतो आणि मधोमध जाड, कडेला पातळ अशी ती तासत जातो. एकाच झाडाच्या दोन फळ्यादेखील सारख्या नसतात. म्हणून केवळ मापाने हे काम होत नाही, तेथे कान लागतो. साहजिकच वर्षाकाठी थोडीच वाद्ये तयार होतात, ती महाग पडतात आणि वादकाला धीर धरावा लागतो.

मग अशा वाद्याचा मालक कोण? पैसे मोजणारा तर खराच. परंतु वादकाच्या मनगटाने ज्या ठिकाणी रोगण झिजते, तेथे त्याचीही एक सही उमटलेली असते. आणि आत, जेथे सहसा कोणाची नजर जात नाही, तेथे घडवणाऱ्याची. ऑर्व्हिलचे नाव विकता आले, मन्रोला ते खरवडता आले. परंतु लाकडात उतरलेले काम विकूनही परके झाले नाही आणि फोडूनही संपले नाही. आतल्या चिठ्ठीचा अर्थ एवढाच, की या स्वराबद्दल उत्तर द्यायला एक माणूस तयार होता. आपल्या हातून होणाऱ्या कामावर अशी सही करता येईल काय, हा प्रश्न वादक नसलेल्यांनीही स्वतःला विचारून पाहावा.