चिरलेल्या बांबूची गळाची काठी : कार्यशाळेतील गुपित आणि हौशी कारागिरांचा वारसा

प्रस्तावना

हस्तव्यवसायांच्या इतिहासलेखनात एक सोयीस्कर गृहीतक वारंवार आढळते. नव्या यंत्राने अथवा नव्या द्रव्याने एखादी वस्तू बाजारातून बाहेर घालवली, की ती वस्तू घडविण्याची विद्याही त्याच दिवशी संपली असे मानले जाते. वस्तुतः बाजार संपणे आणि विद्या संपणे या दोन भिन्न घटना होत. त्या दोहोंमध्ये पुष्कळदा अनेक दशकांचे अंतर असते आणि त्या काळात ही विद्या कोणाच्या हाती होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न अमेरिकेतील चिरलेल्या बांबूच्या गळाच्या काठीसंदर्भात विचारला आहे. विषय वरकरणी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. छंद ही बाब आपल्याकडे इतिहासाच्या अभ्यासक्रमात कोठेच बसत नाही. तथापि जे ज्ञान व्यावसायिकांनी पिढ्यान्‌पिढ्या कुलपाआड ठेवले, ते मोजून, लिहून आणि छापून सार्वजनिक करण्याचे काम या बाबतीत हौशी मंडळींनी केले, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

काठीची रचना

आपल्या परिचयाची गळाची काठी म्हणजे अखंड बांबूचा अथवा वेताचा दांडा, त्याच्या टोकाला दोरी आणि दोरीला गळ. येथे विचारात घेतलेली काठी त्याहून निराळी आहे. ट्राउटसारख्या माशासाठी वजनरहित कृत्रिम माशी दूरवर फेकावी लागते. ती फेकण्यासाठी काठी लवचीक हवी आणि वाकल्यानंतर त्वरेने सरळही व्हावयास हवी. बांबूचे बळकट तंतू सालीलगत दाटलेले असतात; आतला गर त्या मानाने कुचकामी. म्हणून बांबू उभा चिरून त्याच्या कामट्या काढावयाच्या, प्रत्येक कामटी रंध्याने तासून तिला समभुज त्रिकोणाचा छेद द्यावयाचा आणि साल बाहेर राहील अशा रीतीने सहा कामट्या सरसाने एकत्र जोडावयाच्या. त्यातून षट्कोनी भरीव काठी तयार होते. कामटी मुठीकडून शेंड्याकडे निमुळती करीत न्यावी लागते. शेंड्यापाशी सहा कामट्या मिळून झालेल्या काठीची जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास भरते. दोन तुकड्यांची काठी व तिच्या जोडीला एक जादा शेंडा असा संच करावयाचा तर अठरा कामट्या तासाव्या लागतात. त्यांपैकी एक बिघडली तरी त्या तुकड्याचा एकसंधपणा जातो.

या निमुळतेपणातच काठीचा स्वभाव असतो. कोणत्या अंतरावर किती जाडी, याचे कोष्टक म्हणजे त्या काठीचे बीज. जाडीतील फरक इंचाच्या हजाराव्या भागांत मोजले जातात. साहजिकच जुन्या कार्यशाळांनी जपले ते हे कोष्टक आणि त्यानुसार कामटी कापणारे यंत्र.

बंदूक दुरुस्त करणारे मूळ पुरुष

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून चिरलेल्या बांबूचे शेंडे केले जात असल्याचे दिसते. अमेरिकेत या विद्येचे श्रेय पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथील सॅम्युएल फिलिपी (१८०१–१८७७) यास दिले जाते. त्याने १८४० च्या दशकाच्या मध्यास अशा काठ्या करण्यास प्रारंभ केला. फिलिपी व्यवसायाने बंदुका घडविणारा व दुरुस्त करणारा होता. तो व्हायोलिनही करीत असे. काठ्या हा त्याचा धंदा नव्हता. लाकडाचा नाद ओळखणारा कान आणि लोखंड कानशीने नेमके उतरविणारा हात या दोहोंचा संयोग त्याच्या ठायी झाला होता, असे म्हणता येईल. या विद्येचा आरंभ व्यवसायाबाहेरच्या माणसाने केला, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

व्यापारी उत्पादनाचे युग सुरू झाले ते हायरम लेनर्ड (१८३१–१९०७) याच्यापासून. मेन राज्यातील बँगॉर येथे त्याने १८७१ च्या सुमारास काठ्या करावयास घेतल्या. कामट्या तासण्याचे यंत्र त्याने १८७० च्या दशकातच सिद्ध केले आणि १८८१ मध्ये आपला कारखाना न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल व्हॅली येथे हलविला. येथे एक भेद उद्‌बोधक आहे. काठीचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या जोडनळीतील सुधारणांसाठी लेनर्डने १८७५ व १८७८ मध्ये पेटंट घेतले. पेटंट म्हणजे मक्तेदारीच्या मोबदल्यात कृती जाहीर करणे. यंत्राच्या बाबतीत मात्र त्याने गुप्ततेवर भिस्त ठेवली. ते यंत्र कुलूपबंद खोलीत असे आणि तेथे निवडक विश्वासू माणसांनाच प्रवेश असे, अशी परंपरागत माहिती आहे. जोडनळी विकत घेणारा ती उघडून पाहू शकतो. कामटी कशी कापली, हे मात्र तयार काठीवरून कळत नाही. जे लपविता येत नाही त्याचे पेटंट घ्यावे आणि जे लपविता येते ते लपवावे, हा व्यवहार यात स्पष्ट दिसतो.

तथापि माणसांना कुलूप लावता येत नाही. फ्रेड थॉमस, यूस्टिस एडवर्ड्‌स, एडवर्ड पेन, लोमन हॉज हे लेनर्डच्या हाताखाली शिकलेले कारागीर बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या कार्यशाळा उभारल्या. अमेरिकेतील पुढील अर्धशतकाच्या बहुतेक नामांकित काठ्यांची वंशावळ या एका कारखान्यापर्यंत नेता येते. विद्या पसरली खरी, पण ती उस्तादाकडून शागिर्दाकडे गेली. कागदावर ती आलीच नाही.

कलकत्ता आणि टोंकिन

आरंभीच्या काठ्यांचा बांबू हिंदुस्थानातून जात असे. व्यापारात त्यास ‘कलकत्ता’ बांबू म्हणत, कारण तो त्या बंदरातून जहाजावर चढे. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या तो बहुधा डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, म्हणजे आपल्याकडे विदर्भाच्या जंगलांत विपुल आढळणारा मानवेल होय. या बांबूच्या सालीवर भाजल्याचे काळसर डाग असत. जुनी काठी हाती आल्यावर असे डाग दिसले, तर तिचा काळ ठरविण्यास तो एक पुरावा ठरतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत दक्षिण चीनमधील बांबूने कलकत्ता बांबूस हटविले. त्याची पेरे कमी उठावदार असून सालीलगतचा तंतूंचा थर अधिक जाड असतो. त्यास ‘टोंकिन’ म्हणतात. परंतु तो व्हिएतनाममधील टोंकिनचा नव्हे. तो क्वांगतुंग प्रांतातील सुई नदीच्या खोऱ्यातील डोंगरउतारांवर लावला जातो. कँटन येथील लिंगनान विद्यापीठात काम करणाऱ्या फ्लॉइड मॅक्‌क्लूर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून त्यास ‘अमाबिलिस’, म्हणजे लोभस, हे जातिनाम दिले. म्हणजे कारागीर हा बांबू कित्येक वर्षे तासत होते, तेव्हा शास्त्रात त्याला नावही नव्हते. दोन्ही व्यापारी नावे वाटेतल्या ठिकाणांची आहेत. बांबू लावणाऱ्या, तोडणाऱ्या आणि नदीकाठी वाळूने घासून स्वच्छ करणाऱ्या लोकांचा पत्ता त्यांतून लागत नाही. वसाहतकालीन व्यापाराच्या कागदपत्रांत वावरणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही.

पडझडीची कारणे

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंची काठी आली. शेक्सपिअर या कंपनीने १९४७ च्या सुमारास ती बाजारात आणली. तिला ओल लागत नसे, ती स्वस्त होती आणि तिला अठरा कामट्या लागत नव्हत्या. १९७३ मध्ये फेनविक कंपनीने कार्बनतंतूंची काठी आणली, तेव्हा बांबूचे उरलेसुरले स्थानही डळमळीत झाले. सामान्यतः कथा येथेच संपविली जाते. परंतु तंत्रज्ञानाच्या या विजयगाथेत एक राजकीय धागा सुटतो. कोरियन युद्धाच्या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. हे निर्बंध १९७१ मध्ये उठले. वीस वर्षे नवा टोंकिन बांबू अमेरिकेत कायदेशीर मार्गाने येऊ शकत नव्हता. ज्यांच्या वखारीत जुना साठा होता ते तगले. काचेने बांबूचा पराभव केला, हे खरे. पण त्या सामन्यात एका प्रतिस्पर्ध्याचे हात बांधलेले होते, हेही नमूद करावयास हवे.

डॉक्टर, अभियंता आणि चित्रपट

हौशी परंपरेचा उगम या पडझडीच्या पूर्वीचा आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कनजीक योंकर्स येथील जॉर्ज पार्कर होल्डन या डॉक्टराने १९२० मध्ये ‘द आयडिल ऑफ द स्प्लिट बांबू’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. धंदा भरात असताना, केवळ स्वतःच्या आनंदासाठी काठी करू पाहणाऱ्या माणसाला उद्देशून तो लिहिलेला आहे. क्लॉड क्रायडर याचे याच धर्तीचे पुस्तक १९५१ मध्ये, म्हणजे व्यापारबंदीच्या पहिल्याच वर्षात आले.

होल्डनकडून ही विद्या एव्हरेट गॅरिसन (१८९३–१९७५) या अभियंत्याने घेतली. गॅरिसनने काठीकडे एका टोकाला घट्ट धरलेली, निमुळती होत जाणारी तुळई म्हणून पाहिले. दोरीचे वजन, काठीचे स्वतःचे वजन, जोडनळीचे वजन यांमुळे प्रत्येक बिंदूवर किती ताण येईल याचे गणित त्याने मांडले आणि त्या गणितावरून दर पाच इंचांवरील जाडी काढली. जे ज्ञान लेनर्डच्या शागिर्दांच्या बोटांत होते, त्यास प्रथमच आलेखाचे व समीकरणाचे रूप मिळाले. यंत्राच्या जागी त्याने लांब पोलादी साचा, रंधा आणि सूक्ष्ममापक वापरला. साच्याच्या दोन पट्ट्यांमधील खाच स्क्रूने कमीअधिक करता येते. म्हणजे कुलूपबंद खोलीतील यंत्राची गरजच उरली नाही.

गॅरिसनच्या अखेरच्या वर्षांत होगी कारमायकल (त्याच नावाच्या विख्यात संगीतकाराचा पुत्र) याने त्याच्या कामाचे चित्रीकरण केले आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या टिपणांच्या आधारे १९७७ मध्ये ‘अ मास्टर्स गाइड टू बिल्डिंग अ बांबू फ्लाय रॉड’ हा ग्रंथ दोघांच्या नावे पूर्ण केला. आजच्या हौशी कारागिरांच्या दृष्टीने हा आधारग्रंथ होय. १९९२ मध्ये वेन कॅटनाक याचे अधिक सुलभ पुस्तक आले आणि घरच्या कोठारात, गाडीच्या पडवीत काठी करणाऱ्यांची संख्या वाढली. लेनर्डच्या नावाची कंपनी मात्र १९८४ मध्येच बंद पडली होती.

इंग्लंडमध्येही समांतर उदाहरण सापडते. रिचर्ड वॉकर याने १३ सप्टेंबर १९५२ रोजी रेडमायर तलावात ४४ पौंडांचा कार्प मासा पकडून तत्कालीन ब्रिटिश विक्रम केला, तो स्वतः आखलेल्या व स्वतः घडविलेल्या चिरलेल्या बांबूच्या काठीने. नंतर व्यावसायिकांनी त्या नमुन्याच्या काठ्या करून विकल्या. येथे हौशी माणूस धंद्याच्या मागे चालत नाही; धंदा त्याच्या मागून येतो.

जीर्णोद्धाराचा प्रश्न

नव्या काठ्या करणाऱ्यांबरोबरच जुन्या काठ्या दुरुस्त करणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला. इतिहासाच्या अभ्यासकास खरे कुतूहल वाटावे ते याच कामाचे. जुनी काठी येते तेव्हा बहुधा तिचा सरस सुटलेला असतो, शेंडा दोन इंच तुटलेला असतो, रेशमी दोऱ्याचे वेढे कुजलेले असतात आणि वर्षानुवर्षे एकाच बाजूस वाकल्याने तिला कायमचा बाक आलेला असतो. बाक मंद उष्णतेने काढता येतो. वेढे नवे घालता येतात. व्हार्निश खरवडून नवे चढविता येते. प्रश्न असा की, हे सर्व करावे काय?

वेढ्यांचा रंग व त्यांमधील अंतर, जोडनळीवरील पेटंटवर्षाचा ठसा, मुठीचा आकार, व्हार्निशखाली शाईने लिहिलेली अक्षरे यांवरून काठीचा कर्ता व काळ ठरतो. लेनर्डच्या जोडनळीवर केवळ १८७५ असेल तर एक निष्कर्ष निघतो, १८७८ ही असेल तर दुसरा. जुन्या काठ्यांवर दर इंच-दीड इंचावर आढळणारे दोऱ्याचे वेढे शोभेचे नसत. प्राणिज सरस ओलीत दगा देई, म्हणून ती तरतूद होती. सरस सुधारला तसतसे हे वेढे विरळ होत नाहीसे झाले. दुरुस्ती करणाऱ्याने हे वेढे काढून काठी चकचकीत केली, तर रसायनशास्त्राच्या इतिहासाची एक बारीकशी नोंदच पुसली जाते. अस्सल कागद स्वच्छ दिसावा म्हणून त्यावरील शेरे व शिक्के खरवडणाऱ्या दफ्तरदारास आपण काय म्हणू?

उलट बाजूही तितकीच बळकट आहे. काठी ही वाकण्यासाठी केलेली वस्तू आहे. काचेच्या कपाटात उभ्या केलेल्या काठीची जाडी मोजता येते, पण ती दोरी कशी फेकते हे कळत नाही. पेनच्या अथवा लेनर्डच्या काठीचा स्वभाव कसा होता, हे ती दुरुस्त करून नदीवर नेणाऱ्यालाच सांगता येते. जुन्या काठ्या सूक्ष्ममापकाने मोजून त्यांची कोष्टके परस्परांत वाटण्याची प्रथा हौशी मंडळींत रूढ झाली ती यातूनच. या कोष्टकांतही पाठभेद आढळतात. एकाच कारागिराच्या एकाच नमुन्याच्या दोन काठ्या तंतोतंत जुळत नाहीत. वरील व्हार्निशचा थर किती वजा करावा यावर मतभेद होतात. मागे कोणी काठी घासली असल्यास आकडा मुळातच भ्रष्ट असतो. तेव्हा अनेक प्रती मिळवून त्या ताडून पाहणे आणि संभाव्य मूळ पाठ ठरविणे, हाच मार्ग उरतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. फरक एवढाच की, येथील संपादकांपैकी बहुतेकांनी पाठचिकित्सा हा शब्द ऐकलेला नाही.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, हा वाद एकच एक नियम करून सुटणारा नाही. फिलिपीच्या काळातील, क्वचितच आढळणाऱ्या काठीवर नवे व्हार्निश चढविणे हा अपराधच मानावा. कारखान्यात शेकड्यांनी झालेली, पूर्वी दोनदा दुरुस्त झालेली काठी मात्र वापरात आणण्यास हरकत नाही; अट इतकीच की, काढलेल्या दोऱ्याचा तुकडा, मूळ वेढ्यांची अंतरे आणि नव्याने जोडलेल्या शेंड्याच्या कर्त्याचे नाव यांची नोंद काठीच्या नळकांड्यातच ठेवावी. विक्रीच्या वेळी शेंडा मूळचा की नंतरचा यावर किंमत बदलते. त्यामुळे ही नोंद ठेवण्यापेक्षा न ठेवण्यातच विक्रेत्याचा फायदा असतो. काठ्यांच्या व्यापारात जुन्या गुप्ततेचा एवढा अवशेष अद्याप शिल्लक आहे.